करगोट्याची किल्ली

बेसा गावातल्या आमच्या घरी दाराच्या मागे एक लोखंडी गज उभा असतो. लांबी अडीच हात. वरच्या टोकाजवळ कानशीने घासून केलेली एक खूण आहे. नवा पाहुणा विचारतो, 'पडद्याचा दांडा का?' मी सांगतो, 'नाही, हे आमच्या आबाजींचं मोजमाप आहे. बंदुकीत काय आहे ते मोजायचं.' पाहुणा जरा मागे सरकतो. मग मला सांगावं लागतं, की घरात आता बंदूक नाही, फक्त गज आहे.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. शस्त्रांचा इतिहास म्हणजे लढायांचा इतिहास, असं मुलांना वाटतं. मला मात्र बंदुकीचा इतिहास म्हटलं की लढाई आठवत नाही, घर आठवतं. कारण बहुतेक बंदुका आपलं आयुष्य रणांगणावर घालवत नाहीत. त्या कुणाच्या तरी घरात, भिंतीवर, कपाटात, पेटीत पडून असतात. तिथे त्यांच्या आसपास मुलं खेळतात, भांडणं होतात, पाहुणे येतात. त्या घरातल्या बंदुकीचं काय, एवढंच आज सांगायचं आहे.

आज बेसा नागपूरला चिकटलं आहे. मनीषनगरकडून येणारा रस्ता कुठे संपतो आणि गाव कुठे सुरू होतं, हे नव्या माणसाला कळणार नाही. माझ्या लहानपणी मात्र इथे ज्वारी, तूर, कापूस आणि संत्र्याच्या बागा होत्या. रात्री रानडुकरं आणि रोही शेतात शिरत. पीक भरात आलं की घरटी एक माणूस जागलीला जाई. आबाजींकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिची ओळख करून देतो, कारण आता ती पाहिलेली माणसंही थोडी राहिली.

ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी काळी दारू ओतायची, मग चिंधीचा बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा. प्रत्येक थर गजाने ठासायचा. नळीच्या बुडाशी बारीक तोटी असते, तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. भरायला हा एवढा खटाटोप. रिकामी करणं त्याहून कठीण. एक तर बार उडवून टाकायचा, नाही तर गजाला पेच लावून आतले बोळे उपसून काढायचे. त्यामुळे जागलीहून परतणारा माणूस सोपी वाट धरी. टोपी काढून घेई आणि भरलेली बंदूक तशीच खुंटीला टांगून देई. टोपी काढली की बंदूक झोपली, असा समज होता. आबाजींचाही होता.

१९६६ सालची खांडेनवमी. ओसरीवर पाट मांडला होता. विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, सगळं धुऊनपुसून ठेवलेलं. शेवटी खुंटीवरची बंदूक उतरवून पाटावर ठेवली गेली. आबाजी विहिरीवर होते. मी नऊ वर्षांचा होतो. दादा स्टुलावर उभा राहून दाराला झेंडूचं तोरण बांधत होता. मी बंदूक उचलली. जड होती, म्हणून दस्ता मांडीवर टेकवला. दोन्ही अंगठ्यांनी घोडा मागे ओढला, नळी दादाच्या पाठीवर धरली आणि चाप दाबला.

'खट्' एवढाच आवाज आला. दादा मोठा नाटक्या. 'मेलो रे!' म्हणून ओरडला आणि स्टुलावरून उतरून जमिनीवर लोळला. आम्ही सगळे हसलो.

आबाजींनी तो आवाज ओळखला असावा. ओलेत्यानेच आले. माझ्या हातातून बंदूक घेतली, नळी अंगणाकडे उभी केली आणि दस्त्याखालचा गज ओढून आत सोडला. रिकाम्या नळीत तो पार बुडापर्यंत जायला हवा होता. तो मध्येच थांबला. चार बोटं वर राहिला.

आबाजी बोलले नाहीत. दादा अजून जमिनीवर हसत होता.

तोटीवर टोपी नव्हती म्हणून दादा वाचला. जुन्या टोपीचा एखादा तुकडा तिथे चिकटलेला असता, तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगायला बसलो नसतो. मला मार बसेल असं वाटलं होतं. बसला नाही. आबाजींनी रात्री सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि म्हणाले, 'चूक पोराची नाही, माझी आहे. खाली हाये का भरलेली हाये, हे बंदूक सांगत नसते. गज सांगते.' आबाजींनी आपली चूक मुलांसमोर कबूल केलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं वाटून झालं आणि आजीने सुताराला निरोप धाडला. बंदुकीच्या मापाची लांब सागवानी पेटी झाली. दारू आणि टोप्या वेगळ्या डब्यात, चुलीपासून दूर, दुसऱ्या खोलीत गेल्या. पेटीला कुलूप लागलं. किल्ली देवघरात ठेवू, असं कुणीतरी म्हणालं. आजी म्हणाली, 'देवघर पोरायले पाठ आहे.' शेवटी किल्ली आबाजींच्या करगोट्याला बांधली गेली, ती त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत तिथेच होती. आणि गावच्या लोहाराने हा दारामागचा गज करून दिला. रिकाम्या नळीत तो सोडला की खूण बरोबर तोंडाशी येई. खूण वर राहिली तर बंदूक भरलेली. फारच वर राहिली तर त्याहून वाईट, कारण कुणीतरी भरलेल्या बंदुकीत पुन्हा भरलं आहे. अशा दुहेरी बारानेच नळ्या फुटत.

पुढे इतिहास शिकवायला लागल्यावर मी शोधू लागलो, की आमच्या आजीने जे एका दिवसात केलं ते कुणी कधी लिहून ठेवलं होतं का? किल्ल्यांसाठी लिहिलेलं सापडलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. त्यातलं दुर्गांचं प्रकरण अनेकांनी वाचलेलं असेल. त्यात दारूखाना कसा असावा हे बारकाईने सांगितलं आहे. तो वस्तीपासून दूर हवा, विस्तवाचा संबंध नको, रात्रंदिवस राखण हवी, परवानगीवाचून कुणी जवळ फिरकू नये. एवढंच नाही, तर दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, ऊन द्यावं आणि पुन्हा मोहर करून ठेवावी. म्हणजे वेगळी जागा, कुलूप, जबाबदार माणूस आणि नेमाने तपासणी. तीनशे वर्षांपूर्वीच्या मराठीत सगळं आहे. पण ते किल्ल्याच्या हवालदारासाठी. ज्याच्या ओसरीवर बंदूक टांगली आहे त्या कुणब्यासाठी असं कुणी लिहिल्याचं मला सापडलं नाही.

इंग्रज आल्यावर प्रश्नच बदलला. बंदूक कशी ठेवावी हा प्रश्न मागे पडला आणि कुणी ठेवावी हा पुढे आला. १८५७ नंतर लोकांना निःशस्त्र करण्याचे कायदे झाले. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात जो शस्त्रकायदा आला, त्यात हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनांना सूट. मजकुरापेक्षा या अपमानाचीच सल लोकांना अधिक होती. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्येही या कायद्याविरुद्ध ठराव झाला. १९२० च्या नव्या नियमांत हा वंशभेद काढला गेला, पण सल गेली नाही.

त्या सलीचं सर्वांत धाडसी प्रदर्शन झालं ते आमच्या नागपुरात, १९२७ साली. मंचेरशा आवारी या पारशी तरुणाने शस्त्रकायद्याविरुद्ध सत्याग्रह पुकारला. लोक त्यांना जनरल आवारी म्हणत. कायद्याच्या व्याख्येत तलवारही शस्त्रच. म्हणून त्यांनी आणि त्यांच्या स्वयंसेवकांनी उघड्या रस्त्यावर तलवारी घेऊन मिरवणुका काढल्या आणि तुरुंग पत्करला. गांधीजींना हे रुचलं नाही. हाती शस्त्र घेऊन केलेला कायदेभंग अहिंसेत कसा बसवायचा, हा त्यांचा आक्षेप होता. आणि गंमत अशी, की १९३० च्या जानेवारीत याच गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतली एक स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत ही होती. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला.

हा धागा घटनासमितीपर्यंत पोचला. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत असावा अशी दुरुस्ती मांडली. कामत आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती त्या प्रांताचे. त्यांनी कराचीच्या ठरावाची आठवण दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही. परकीय सरकारच्या काळातली मागणी आणि स्वतंत्र देशातली गरज यांत त्यांनी फरक केला. असा हक्क सगळ्यांना दिला तर सराईत गुन्हेगारही तो मागतील, हे त्यांनी दाखवून दिलं. दुरुस्ती पडली. भारतात बंदूक हा हक्क राहिला नाही, परवानगी राहिली. १९५९ चा शस्त्र कायदा त्याच पायावर उभा आहे. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला.

या सगळ्या वादात दोन्ही बाजूंना थोर माणसं होती. पण पाहा, चर्चा सगळी दारापर्यंतच आहे. बंदूक घरात येऊ द्यायची की नाही. ती घरात आल्यावर कोणत्या खुंटीला टांगायची, हे या चर्चेत कुठे आलेलं मला दिसलं नाही. १९६६ साली आमच्याकडे परवाना अगदी नियमाप्रमाणे होता. कागद पक्का होता. आणि तरी नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात भरलेली बंदूक होती.

आबाजींनंतर वडिलांनी अर्ज केला. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक आणि ती पुरत नसेल तर साधी, आतून गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, अशी सोय कायद्यातच आहे. त्याप्रमाणे आमच्याकडे एकनळी बाराबोर आली. बाराबोर का म्हणतात? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक जेवढ्या तोंडातून जाईल तेवढी ती नळी. या बंदुकीचं एक बरं होतं. खटका सरकवला की ती मधोमध मोडते, नळीचं बूड उघडं पडतं आणि पलीकडचा उजेड दिसतो. उजेड दिसला तर रिकामी. गजाची गरज उरली नाही. पण वडील बंदूक पेटीतून काढताना आणि परत ठेवताना, दोन्ही वेळा मोडून उजेड बघायचे. घरातलं दुसरं कुणी असेल तर त्यालाही दाखवायचे. 'मी पाहिलं' हे त्यांना पुरत नसे. काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात, दुसऱ्या कुलपात. तेव्हाची कागदी काडतुसं पावसाळ्यात फुगत आणि नळीत अडकत, म्हणून दसऱ्याला त्यांचीही तपासणी होई. पूजेला मात्र पाटावर नुसती बंदूकच यायची, तीही मोडलेल्या अवस्थेत. त्या दिवशी काडतुसांच्या डब्याची किल्ली करगोट्यावरून सुटत नसे.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर कडक बंधनं आली. बंदुकीचं घराबाहेरचं काम कमी झालं आणि घरातलं पडून राहणं वाढलं. निवडणुका आल्या की ठाण्यात बंदूक जमा करण्याचा निरोप येई. वडील ती पोत्यात गुंडाळून सायकलला बांधत आणि पावती घेऊन येत. एकदा अशी पावती फाइलला लावत असताना आई म्हणाली, 'निवडणुका दर साली का नाही घेत सरकार?' सगळे हसले. मला ते हसू अर्धवटच आलं. तीस वर्षं त्या पेटीजवळून जाताना आईच्या मनात काय येत असेल, हे मी तोवर कधी विचारलं नव्हतं.

बाहेरच्या देशांनाही हे उशिराच सुचलं. ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थर इथे एका माणसाने ३५ जणांना गोळ्या घातल्या. त्यानंतर तिथल्या सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या आणि ज्या राहिल्या त्या कुलपात ठेवणं बंधनकारक केलं. स्वित्झर्लंडमध्ये सैनिक आपली रायफल घरी नेतो, ही जुनी प्रथा. पण तिच्यासोबत घरी दिली जाणारी दारूगोळ्याची पेटी २००७ च्या निर्णयानंतर परत घेतली गेली. बंदूक एकीकडे, काडतूस दुसरीकडे. आमच्या आजीने तेच केलं होतं.

आपल्याकडे २०१६ ची शस्त्र नियमावली आली, तेव्हा परवाना मागणाऱ्याला शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण आणि ते सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी, या गोष्टी स्पष्टपणे लिहिल्या गेल्या. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. लग्नावरातीत हौसेने बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. आमच्या ओसरीवरच्या त्या खांडेनवमीनंतर बरोबर पन्नास वर्षांनी कुलपाची गोष्ट नियमांत नीट लिहिली गेली. उशिरा का होईना, लिहिली गेली हे चांगलंच.

ज्यांच्या घरात आजही परवान्याची बंदूक आहे, त्यांना आमच्या घराने शिकलेलं थोडं सांगतो. हातात घेतलेली प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरा आणि स्वतः उघडून पाहा, समोरच्याने आत्ताच पाहिलं असलं तरी. रिकामी असली तरी नळी माणसाकडे वळवू नका. बार काढायचा नसेल तर बोट चापावर नको. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर लगेच उघडून डोकावू नका. नळी मोकळ्या दिशेला धरून निदान अर्धा-एक मिनिट थांबा, कारण आतला जाळ कधी कधी उशिरा पोचतो. बंदूक आणि काडतूस एका कुलपात नको. किल्ली ज्याचा परवाना त्याच्याच अंगावर हवी. कपाटावर, गादीखाली, देवाच्या तसबिरीमागे नको. या जागा मुलांना आपल्याआधी माहीत असतात.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी मोठ्याने बोलत नाही. घरात कुणी फार खचलेलं असेल, दारू वाढली असेल, वाटणीवरून भांडण पेटलं असेल, तर कुलपावरही विसंबू नका. बंदूक काही दिवस घराबाहेर जाऊ द्या. ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याबद्दल विचारा, पावती घ्या. त्यात कमीपणा नाही. माणसाची वाईट घटका टळते, पण त्या घटकेला हाताशी बंदूक नसावी लागते.

वडील २००४ साली गेले. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नाही. तो गेला की वारसांनी विनाविलंब शस्त्र जमा करायचं असतं, पुढचं काय ते नंतर ठरवायचं. तेराव्याच्या आधीच मी आणि दादा बंदूक घेऊन गेलो. परतताना दादाने विचारलं, 'तू अर्ज करणार का?' वारस म्हणून मला अर्ज करता आला असता. आमची थोडी शेती तेव्हा होती.

मी घरी आलो, गच्चीवर गेलो आणि चारही दिशांना पाहिलं. आबाजींनी त्या दिवशी नळी अंगणाकडे धरली होती, कारण अंगणापलीकडे नुसती ज्वारी होती. आता पूर्वेला इमारत, दक्षिणेला इमारत, पश्चिमेला रस्ता आणि शाळेची बस. उत्तरेला एक रिकामा प्लॉट होता, त्यात मुलं क्रिकेट खेळत होती. नळी धरायला मोकळी दिशाच बेसात उरली नव्हती. मी अर्ज केला नाही.

दादा आता पंच्याहत्तरीला आला आहे. दर दसऱ्याला घरी येतो, पाटावर विळा, कोयता आणि हा गज ठेवतो. तोरण मात्र तो अजून स्टुलावर चढून स्वतःच बांधतो, आणि तेवढा वेळ मी त्याच्या पाठीमागे स्टूल धरून उभा राहतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)